एक्केचाळीस नंबरचा अर्ज

प्रश्न १. अर्जदाराचे नाव व पत्ता.

पत्र आलं ते पत्त्यावर. त्यावर माणसाचं नाव असतं, तर घरात एवढं महाभारत घडलं नसतं.

रविवारी लॉन्ड्री बंद असते, पण ती पुढून. मागच्या खोलीत इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती अख्खं घर उभं होतं. बाबा होते तेव्हापासून या घराचे सगळे निकाल याच टेबलावर लागत आले. दुसरं मशीन घ्यायचं की नाही, मुलीनं शिक्षिका व्हायचं की काउंटरला बसायचं, शेवटी शेवटी बाबांना हॉस्पिटलात हलवायचं की घरीच ठेवायचं. टेबलावर सतत काहीतरी गरम असायचं, त्यामुळे कितीही भांडण पेटलं तरी मूठ आपटायची कुणाची छाती होत नसे.

दोघी सुनांच्या नणंदेनं चष्मा नाकावर ओढून पत्र तिसऱ्यांदा वाचलं. तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे तिच्या तोंडून किराणा मालाची यादीसुद्धा धड्यासारखी यायची.

"अर्ज क्रमांक एक्केचाळीस. प्रौढांसाठीच्या नागरी नेतृत्व वर्गासाठी आपली निवड झाली आहे. बारा रविवार, दुपारी चार ते सहा, वाचनालयाचा वरचा मजला. अर्ज नावे झाकून वाचण्यात आले. तिसऱ्या प्रश्नाचे आपले उत्तर समितीला विशेष भावले. पहिल्या दिवशी अर्जाच्या पावतीसह हजर राहावे. एका पत्त्यावरून एकालाच प्रवेश."

"झालं तर मग," थोरले भाऊ म्हणाले. "मी अर्ज केलाय. आज पहिला दिवस, शर्ट कुठला घालू?"

"दादा, अर्ज मीपण केलाय," नणंद म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकटी रुमालांवर खुणा घालत होती. सुई तिच्या बोटात गेली. अर्ज तिनंही केला होता.

एकोणपन्नास वर्षांची झाली तरी ती धाकटीच. या घरात आली तेव्हा धाकटी सून होती, आणि नंतर कुणी लहान आलंच नाही, म्हणून ते पद तिच्याकडेच राहिलं. गावातल्या हजार घरांचे कपडे ती नंबरांनी ओळखायची. कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं चार टाके घातले की शर्ट कुठल्या घरचा ते तिला दहा वर्षांनीही सांगता येई. आणि आता तिला स्वतःचा नंबर सांगता येत नव्हता.

"पावती काढा ना," तिचा नवरा म्हणाला. तो लॉन्ड्रीची व्हॅन चालवायचा आणि रस्त्यासारखंच घरातही कुणाला ओव्हरटेक करायचा नाही. "पावतीवर नंबर असेल. ज्याची एक्केचाळीस, त्यानं जायचं. भांडण कशाला?"

थोरल्यांनी खिसे चाचपले. नणंदेनं पर्स उलटी केली. मग दोघंही एकमेकांकडे न बघता छताकडे बघू लागले.

"मी दिली ती तिला," थोरले शेवटी म्हणाले.

"कुणाला?"

"त्या टेबलावरच्या बाईला. तिनं अर्ज पुढं केला, खाली पावती जोडलेली. मी सवयीनं टर्रकन फाडली आणि तिच्या हातात दिली."

"वर काही बोललात का?" थोरल्यांच्या बायकोनं विचारलं. ती कोपऱ्यात चादरींचा ढीग मोजत होती.

"म्हणालो, जपून ठेवा, हरवली तर आमची जबाबदारी नाही."

नवऱ्याला हसू आवरेना. "आणि ताई, तू?"

"मी शिक्षिका आहे," नणंद ताठ होत म्हणाली. मग जरा वाकली. "पण लहानपणी याच काउंटरवर बसलेय ना रे. हात आपोआप पुढं गेला."

धाकटीनं मान खाली घातली. तिनंही फाडून दिली होती. एवढंच, ती काही बोलली नव्हती.

प्रश्न २. आपल्याला या वर्गात का यावेसे वाटते?

थोरल्यांना व्यापारी मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त सगळ्यांना सांगितलं होतं.

नणंद दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. "घरी बसून भिंतींची हजेरी घेऊ का?" असं ती येता-जाता विचारायची.

धाकटीचं कारण सांगायला लांबलचक नाही. मागच्या हिवाळ्यात नगरपालिकेनं गल्लीतल्या सांडपाण्याच्या नळाबद्दल सभा बोलावली होती. तो नळ लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीला चिकटून फुटत होता, आणि कुठं फुटतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं हात वर केला. अध्यक्षांनी "बोला, बाई" म्हटलं. पन्नास माना वळल्या. तिच्या घशातून जे निघालं त्याला शब्द म्हणता येणार नाही. मग शेजारच्या शिंप्यानं उठून चुकीची जागा सांगितली, आणि पालिकेनं ती चुकीची जागा खणली. अजून खणलेलीच आहे.

अर्जात तिनं एवढंच लिहिलं होतं: मला बोलायला शिकायचं आहे.

प्रश्न ३. आपण पुढाकार घेतल्याचा एक प्रसंग लिहा.

"तू काय लिहिलंस, दादा?"

"चादरींचा दिवस."

"वा! मीपण तोच लिहिला."

चादरींचा दिवस सात वर्षांपूर्वीचा. बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते. लॉन्ड्री बंद होती. त्या पहाटे हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरलं आणि त्यांची धुण्याची मशीनं बसली. उजाडता उजाडता दोन परिचारिका चादरींनी भरलेल्या चार ढकलगाड्या घेऊन दुकानासमोर उभ्या राहिल्या. बंद दारावरची सूचना त्यांनी वाचली आणि परत जायला वळल्या. तेवढ्यात शटर वर गेलं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मशीनं लागली, शेजारी मदतीला आले, गल्लीभर दोऱ्या बांधल्या गेल्या, संध्याकाळपर्यंत चारशे चादरी धुऊन वाळवून परत गेल्या. पण त्या रात्री जेवताना थोरल्यांनी भरल्या घरात विचारलं होतं, "बापाला जाऊन तीन दिवस नाहीत झाले आणि शटर कुणी उघडलं? लाज आहे की नाही?" कुणी बोललं नाही. ताटातला चमचासुद्धा वाजला नाही.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलनं आभाराची पाटी पाठवली. थोरल्यांनी ती काउंटरच्या मागे स्वतःच्या हातानं लावली. तेव्हापासून शटर उघडणारे हात दरसाल वाढत गेले.

प्रश्न ३. (थोरल्यांचं उत्तर.)

"मी उघडलं."

"तू वर झोपला होतास, दादा."

"झोपलो नव्हतो. दुःखात होतो. वरून आवाज दिला, उघडा रे ते. उघडायला हातच लावायला पाहिजे असं कुठं लिहिलंय? सेनापती काय स्वतः तोफ ओढतो?"

"कुणाला आवाज दिलात?" त्यांच्या बायकोनं विचारलं. "मी तर खालीच होते."

"तुला ऐकू आलं नसेल. तुला कधी काय ऐकू येतं?"

प्रश्न ३. (नणंदेचं उत्तर.)

"मी शाळेला निघाले होते. त्या दोघींना बघितलं, दारावरची सूचना बघितली, आणि म्हटलं, बाबा असते तर काय केलं असतं? मग उघडलं."

"ताई," नवरा हळूच म्हणाला, "तू दुपारी आलीस. मीच तुला शाळेतून आणलं व्हॅननं. तू वाटभर म्हणत होतीस, लोक काय म्हणतील."

"दुपारी? नक्की?"

"डबा अर्धा खाल्लेला होता तुझा."

नणंद गोंधळली. ती खोटं बोलत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून धाकटीला स्पष्ट दिसत होतं. सूचनेवरची अक्षरं, परिचारिकांच्या ओल्या चपला, गार शटर, सगळं तिनं पाहिलेलं होतं. फक्त ती तिथं नव्हती.

"असं कसं होईल?" नणंद पुटपुटली. "मला तर हाताला लागलेला गंजसुद्धा आठवतो."

"गंज मलापण आठवतो," थोरले म्हणाले.

"तुम्ही दुःखात होतात," त्यांची बायको म्हणाली.

आत्तापर्यंत नवरा भावाच्या बाजूनं होता. आता तो बहिणीकडे सरकला, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे थोरले चिडले, आणि थोरले चिडल्यामुळे त्यांची बायको म्हणाली की मग वन्संनाच जाऊ दे. ते ऐकून नणंदेला वहिनीचा संशय आला. "एरवी माझी बाजू घेत नाहीस, आज कशी घेतलीस? दादाला काउंटरवर बांधून ठेवायचंय, होय ना?" म्हणून ती उलट दादाच्या बाजूला गेली. नवरा एकटा पडला. त्यानं व्हॅनची किल्ली बोटात फिरवली आणि धाकटीकडे बघितलं, वाचव म्हणून.

धाकटीनं रुमालावर पुढचा टाका घातला. तिचं उत्तर तिला तोंडपाठ होतं. त्या दिवशी शटर मी उघडलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्याखाली चार ओळी. पण आता दोन खरी माणसं तिच्यादेखत ती सकाळ आठवत होती, आणि तशी ती त्यांनी जगलीच नव्हती. आपलं उत्तर तरी कशावरून आपलं?

प्रश्न ४. आपल्याविषयी सांगू शकेल अशी एक व्यक्ती.

"ही भांडणं चालू देत," थोरल्यांची बायको, धाकटीची जाऊ, म्हणाली. "ये गं धाकटे, चादरी धर. सोमवारी सकाळी हॉस्पिटलचा माणूस येईल."

मोठी चादर दोघींनी घडी करायची असते. दोन टोकं धरून लांब उभं राहायचं, झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. सत्तावीस वर्षं दोघी दिवसाला शंभरदा अशा समोरासमोर येत होत्या. दूर असताना बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. जवळ आल्यावर बोललेलं फक्त चादरीला.

पहिली चादर. दोघी जवळ आल्या.

"तूपण अर्ज केलायस," जाऊ म्हणाली.

धाकटीनं टोकं दिली. लांब गेली. दुसरी चादर झटकली. परत आली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मंगळवारी दोऱ्याची रिळं आणायला गेलीस आणि हात हलवत परत आलीस. बोटाला शाई."

तिसरी चादर. मागे थोरले म्हणत होते की सेनापतीचा मुद्दा कुणी नीट समजूनच घेत नाही.

"काय लिहिलंस?"

"शटर."

"तू उघडलंस असं?"

"हो."

जाऊनं टोकांना हात घातला, पण घेतली नाहीत. दोघींच्या नाकांमध्ये वीतभर अंतर होतं.

"ते मी उघडलं होतं," जाऊ म्हणाली.

धाकटीच्या हातातून एक टोक सुटलं. चादर जमिनीला लागली. एरवी जाऊनं तिला धारेवर धरलं असतं. आज तिनं नुसती उचलली आणि झटकली.

चौथी चादर.

"डावीकडे अडकायचं ते," जाऊ सांगू लागली. "हातानं हलेना. मग टाचेनं खाली लाथ मारली. तेव्हा वर गेलं."

धाकटीला आपल्या उजव्या टाचेत कळ आल्यासारखं वाटलं. ती लाथ तिची होती. आठवडाभर ती लंगडत होती. निदान लंगडल्याचं तिला आठवत होतं.

"माझी टाच दुखत होती त्यानंतर," ती म्हणाली.

"माझीपण."

पाचवी.

"मागे तू उभी होतीस," जाऊ म्हणाली. "केस मोकळे. मला वाटलं, हिनं बघितलं, आता ही सांगणार."

"मी पुढं होते, जाऊबाई. मागे तुम्ही उभ्या होतात. शाल पांघरून."

"शाल तुझी होती."

"शाल तुमची. तपकिरी."

"तपकिरी शाल माझी, पण त्या दिवशी तू घेतली होतीस."

सहावी चादर ताणलेलीच राहिली. दोघी दोन टोकांना, आणि मध्ये पांढरं कापड. धाकटीनं डोळे मिटून ती सकाळ पुन्हा उभी केली. अंधारलेलं दुकान, फटीतून येणारा उजेड, बाहेर चाकांचा आवाज. शटरच्या दोन मुठी. एका मुठीवर तिचा हात. दुसऱ्या मुठीवर? तिथं कधी हात दिसे, कधी नाही. जितकं बघावं तितकं ते पुसट होत होतं, पुन्हापुन्हा धुतलेल्या डागासारखं. डाग होता की कापडच तसं होतं, ते कळेना.

जवळ आल्यावर तिनं विचारलं, "मग सात वर्षं बोलला का नाहीत?"

"आधी ह्यांची भीती. मग पाटी आली, तेव्हा सगळेच बोलायला लागले. त्या बाजारात आपली टोपली कुठं मांडायची? आणि तू? तू का नाही बोललीस?"

धाकटीनं पुढची चादर उचलली.

"तुम्हाला जायचंय का वर्गाला?" तिनं विचारलं.

"मला? छे. रविवारचे दोन तास मी फक्त झोपते, ते मी कुणाला देणार नाही." जाऊनं घडी छातीशी धरली. "पण उघडलं मी. एवढं कुणालातरी एकदा सांगायचं होतं. आता तुझं तू बघ."

प्रश्न ५. वरील माहिती खरी आहे असे मी जाहीर करतो / करते. (हो / नाही)

साडेतीनला नवऱ्यानं निकाल दिला. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तोही व्हॅनचा हॉर्न वाजवून. "सगळे बसा. तिथं जाऊन त्यांनाच विचारू, एक्केचाळीस कोण ते."

थोरले इस्त्रीच्या शर्टात पुढे बसले. मागे कपड्यांच्या गाठोड्यांवर तिघी. धाकटी मनात दोन वाक्यं तोलत होती. अर्ज माझा नव्हे, हे एक. अर्ज माझा, हे दुसरं. दोन्ही थोडी खरी वाटत होती आणि दोन्हींची भीती वाटत होती. अर्ज मागे घेतला तर पुढच्या वर्षीही तो नळ शिंपीच दाखवणार. आणि घेतला नाही तर जाऊचं काहीतरी ती आपल्या नावावर करून बसणार. कदाचित. ते 'कदाचित'च तिला छळत होतं. चोरी केली की नाही हेच चोराला माहीत नसेल, तर त्यानं माल परत कुणाला करायचा?

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर टेबलामागे एक बाई होती. थोरल्यांना बघताच तिनं ओळखलं.

"तुम्हीच ते. मला म्हणालात, हरवली तर जबाबदारी नाही." तिनं खोक्यातून पावत्यांचा जुडगा काढला. "मी जपून ठेवली हो. पण तुमच्या पत्त्याच्या तीन आहेत, आणि पावतीवर नाव नसतं, त्यामुळे कुठली कुणाची ते काही माहीत नाही."

"तीन?" थोरले म्हणाले.

"तीन?" नणंद म्हणाली, आणि वळून वहिनीकडे बघू लागली. जाऊ भिंतीवरचं घड्याळ बघत होती.

बाईनं एक्केचाळीस नंबरचा अर्ज काढला. नावावर अजून कागदाची पट्टी चिकटवलेली होती, ओढली असती तर नावासकट फाटली असती. "तिसरा प्रश्न वाचते, ज्याचा असेल त्यानं सांगा. 'त्या दिवशी शटर मी उघडलं...'"

"माझा!" थोरले म्हणाले.

"माझा," नणंद म्हणाली, जरा चाचरत.

"'...आणि कुणाला सांगितलं नाही.'"

थोरल्यांनी भावाकडे बघितलं, नणंदेनं भावाकडे बघितलं, भावानं स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मग सगळ्यांच्या नजरा एकेक करून तिच्यावर आल्या.

"माझा आहे," धाकटी म्हणाली.

"तू?" थोरले म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी तू..."

"भाऊजी, थांबा जरा." तिनं याआधी त्यांना कधीच थांबवलं नव्हतं. तेही इतके चकित झाले की थांबले. ती बाईकडे वळली. "मला उत्तर दुरुस्त करायचंय."

"आता? निवड त्या उत्तरावर झालीय, बाई. बदललं तर समितीपुढं परत ठेवावं लागेल. कदाचित नाही म्हणतील."

"तरी द्या."

बाईनं पेन दिलं. धाकटीनं पहिल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. उरलेल्या जागेत ती हळूहळू लिहू लागली. मागे चौघं मान लांब करून उभे होते आणि नणंद शब्द उमटेल तसा ओठांत वाचत होती.

"शटर मी उघडलं की माझ्या जावेनं, ते आता मला नक्की सांगता येत नाही. घरात विचारलं तेव्हा गप्प बसले, ती मात्र मी. सात वर्षं. त्याबद्दल शंका नाही."

नणंदेचे ओठ थांबले. थोरल्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मग आपल्या बायकोकडे बघितलं, बऱ्याच वर्षांनी बघावं तसं. "तूपण?" ते म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत लाज आहे का म्हणून. लाज होती, म्हणूनच नाही बोललो." थोरल्यांनी इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं.

टेबलामागच्या बाईनं दुरुस्ती दोनदा वाचली. खाली पाचव्या प्रश्नापुढं 'हो'वर आधीची खूण होती. तिनं त्यावर बोट ठेवलं. "ही तशीच ठेवायची?"

"आता ठेवा."

"समिती बुधवारी बसते. त्याआधी मला काही सांगता यायचं नाही."

हॉलचं दार उघडं होतं. आत वीसेक माणसं बसली होती, कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं, सगळ्यांना पाय कुठं ठेवायचे असा प्रश्न पडला होता.

"मग आजचा दिवस आत बसू का?" धाकटीनं विचारलं.

बाईनं अर्जाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मागे दाटीवाटीनं उभ्या असलेल्या घराकडे बघितलं.

"बसा. पण एकट्याच."